न आलेली चोवीस घरं

१

मैत्र मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक वीणा अकरा मतांनी हरली. हरणारं कुणीतरी असतंच, त्यात नवल नाही. नवल होतं ते चोवीस घरांचं. "नक्की येतो" असं तोंडभरून सांगितलेली चोवीस घरं मतदानाच्या रविवारी हॉलकडे फिरकलीच नव्हती, आणि त्यांतलं एक घर होतं चारुताचं. चारुता म्हणजे वीणाची रस्त्यापलीकडची शेजारीण, पंधरा वर्षांची मैत्रीण आणि या प्रचारातला तिचा उजवा हात.

"त्याच हातानं गळा दाबला, सुमेधाताई," वीणा म्हणाली. तिनं लॅपटॉप सुमेधापुढे फिरवला. "वाचा."

मेल मोठी नव्हती. गुंगालिन उपनगर आणि आसपासच्या झाडून सगळ्या सभासदांना उद्देशून होती. चारुतानं विरोधी उमेदवार शैलेंद्र याच्याशी संधान बांधलं, मतदार घरी बसवले, स्वतःही मत दिलं नाही, आणि अशा व्यक्तीच्या हाती मंडळाची शनिवारची मराठी शाळा ठेवायची का याचा सर्वांनी विचार करावा, असं तीत लिहिलं होतं. भाषा सभ्य होती. सभ्य भाषेतली मेल जास्त लागते.

"रविवारी संध्याकाळी सहाला आपोआप जाईल. वेळ लावून ठेवलीय," वीणा म्हणाली.

सुमेधानं चष्मा काढून पुसला. बाहेर जुलैची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली दुपार होती आणि लॉनच्या सावलीतल्या पट्ट्यात सकाळचं दव अजून गोठलेलंच होतं. वीणा स्वतः डॉक्टर, दिवसाला तीस पेशंट तपासणारी, आणि हरल्यापासून पाच दिवस नीट जेवलेली नव्हती हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुमेधाला आठवलं, कोविडमुळे सीमा बंद होत्या त्या वर्षी पुण्यात वीणाची आई गेली. वीणानं अंत्यविधी स्वयंपाकघरातल्या याच बाकावर बसून, याच लॅपटॉपवर पाहिला आणि तेव्हा तिचा हात धरून चारुता अकरा तास शेजारी बसून होती. एका मेलसरशी ते सगळं जाणार होतं.

"मला रविवार संध्याकाळपर्यंतचा वेळ दे. तोवर ही मेल जाता कामा नये," सुमेधा म्हणाली.

"तुम्ही काय करणार?"

"जे तीस वर्षं केलं तेच."

सुमेधा निवृत्त होण्यापूर्वी सरकारी आरोग्य खात्यात होती. लग्नाच्या, ऑफिसच्या, शाळेच्या जेवणानंतर माणसं आजारी पडली की कशानं पडली ते शोधायचं, हे तिचं काम. तिचा एक नियम होता. आधी स्वयंपाक्याची कॉलर धरायची नाही. आधी प्रत्येकानं काय खाल्लं ते विचारायचं, आणि जे आजारी पडले नाहीत त्यांनाही तेवढ्याच आस्थेनं विचारायचं. लोकांना गुन्हेगार लगेच हवा असतो, आणि तो बहुधा चुकीचा मिळतो.

"याद्या दे. आणि चारुताशी एक शब्द बोलू नकोस," ती म्हणाली.

"ताई, ती दोषी निघाली तर?"

"तर मेलखाली माझीही सही घाल."

२

याद्या हृषिकेशकडे होत्या. हृषिकेश मूळचा मुंबईचा, दिवसा एका खात्यात डेटा सांभाळायचा आणि संध्याकाळी वीणाचा प्रचार. त्याला सगळं रंगीत चौकोनांत मांडलेलं आवडे. टाउन सेंटरमधल्या कॅफेत, लाइट रेलच्या शेवटच्या थांब्यासमोर, त्यानं टॅब्लेट उघडून सुमेधासमोर ठेवला.

"बघा ताई, व्हेरी सिंपल. एका फॅमिलीला एक मत. मे महिन्यात आपल्याला प्रॉमिस दिलेल्या फॅमिलीज चौऱ्याण्णव. त्या दिवशी रजिस्टरमध्ये एकूण सह्या एकशे एक्कावन्न. शैलेंद्रला एक्क्याऐंशी, आपल्याला सत्तर."

"आणि चौऱ्याण्णवपैकी सही किती जणांची?"

"सत्तर."

सुमेधाचा कप ओठांपाशी थांबला. "म्हणजे जे आले त्यांनी सगळ्यांनी तिलाच मत दिलं."

"हां... तसं दिसतंय खरं."

"मग दगा कुणी दिला रे? दगा देणारा येतो आणि दुसऱ्याला मत देऊन जातो. पेटी बंद असते, त्याला कोण बघतंय? ही चोवीस माणसं आली असती आणि शैलेंद्रला मत देऊन गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. त्यांना तेही करवलं नाही."

हृषिकेशनं खांदे उडवले. "थंडी असेल. मायनस फाइव्ह होतं. गाड्यांच्या काचांवर बर्फ होता."

"थंडी काय फक्त आपल्या मतदारांना वाजते?"

त्यावर तो हसला, पण लगेच आवाज खाली आणून पुढे झुकला. "ताई, मला सांगायला बरं नाही वाटत. मी त्या दिवशी लोकांना राइड देत होतो. सव्वाअकराला चारुताची गाडी पद्माकाकूंच्या ड्राइव्हवेत होती. वोटिंग बाराला बंद. आपली कॅम्पेन मॅनेजर त्या वेळी तिथे काय करत होती? आणि पद्माकाकू शैलेंद्रच्या कोण लागतात, माहितीये ना?"

"कोण?"

"सख्खी मावशी."

३

शुक्रवारी संध्याकाळी सुमेधानं डायनिंग टेबलावर कागद पसरले. आले ते एका बाजूला, न आलेले दुसऱ्या बाजूला. मग ती एकेक संशय घेऊन बसली.

तिघांनी मिळून चौऱ्याण्णव घरं वाटून घेतली होती. वीणाच्या वाट्याच्या घरांपैकी आठ आली नाहीत, हृषिकेशच्या नऊ, चारुताच्या सात, आणि त्या सातांत चारुता स्वतः. चारुतानं घरं फितवली असती तर तिच्या यादीला भगदाड पडायला हवं होतं. उलट तिचंच सगळ्यांत कमी गळलं होतं. वस्ती पाहावी तर कुणी हॅरिसनचं, कुणी फ्रँकलिनचं, कुणी थेट नंगनवालचं. एक बँकेत, एक विद्यापीठात, एक घरीच. लहान मुलं असलेले होते तसे नातवंडं असलेलेही होते.

प्रचाराचं पत्रक तर सगळ्यांनाच गेलं होतं. जूनच्या सभेत वीणानं त्यातले सातही मुद्दे वाचून दाखवले तेव्हा हॉल भरला होता. चौथा मुद्दा तर सुमेधाच्याच तोंडचा. यंदापासून गणपतीचा महाप्रसाद केटररकडून, मंडळातल्या कुणालाही स्वयंपाकघरात राबावं लागणार नाही. टाळ्या सगळ्यांत जास्त त्यालाच पडल्या होत्या. सुमेधाला तेव्हा मनातून बरं वाटलं होतं, उगाच खोटं कशाला बोला.

हृषिकेशच्या तक्त्यात शेवटी एक रकाना होता, मतदानाआधीच्या आठवड्यातल्या फोनचा. चोवीसपैकी बहुतेकांपुढे त्यानं हिरवा चौकोन आणि एकच शब्द घातला होता, "बघू". सुमेधानं कपाळावर हात मारला. मराठी माणूस मे महिन्यात "नक्की" म्हणतो आणि जूनच्या शेवटी "बघू" म्हणतो तेव्हा मध्ये काहीतरी घडलेलं असतं, आणि या शहाण्यानं त्याला हिरवा रंग दिला होता.

शनिवारी सकाळी ती न आलेल्यांपैकी नंदूकडे गेली. नंदू आयटीतला कंत्राटी माणूस, उंच, गप्प, दर तीस जूनला, आर्थिक वर्ष संपताना, कंत्राट वाढतंय की नाही या काळजीत असणारा. त्यानं चहा केला, तोही उत्तम, आणि मतदानाचं विचारल्यावर म्हणाला, "गाडीची बॅटरी बसली होती, ताई. थंडीनं."

"हृषिकेश राइड देत होता की."

"हो ना... लक्षातच नाही आलं."

त्याची आठ वर्षांची उर्वी बाकावर बसून टोस्ट खात होती. तिनं मान वर केली. "बट डॅड, यू वेअर ऑल ड्रेस्ड. यू हॅड युअर शूज ऑन. देन यू जस्ट सॅट देअर."

"उर्वी, खा बघू."

"ही सॅट फॉर लाइक अॅन आवर," उर्वीनं सुमेधाला सांगितलं. "अँड देन ही टूक हिज शूज ऑफ."

नंदूनं टोस्टची ताटली उचलली. त्याच्या डाव्या तर्जनीवर जुन्या कापल्याचा लांब व्रण होता. सुमेधाची नजर तिथे गेलेली पाहून तो एकदम हसला, त्या सकाळी पहिल्यांदाच. "भोपळा. एका दिवसात चाळीस किलो. घरी मी साधा कांदा चिरत नाही, विचारा हिच्या आईला."

ताटली ठेवायला तो वळला तेव्हा फ्रिज दिसला. उर्वीच्या शाळेचं वेळापत्रक, दंतवैद्याची तारीख, आणि मधोमध चुंबक लावलेला एक फोटो. हॉलच्या मागच्या पायऱ्यांवर पंचवीस-तीस माणसं दाटीवाटीनं उभी, सगळ्यांच्या डोक्यावर जाळीच्या टोप्या, अंगात निळे प्लास्टिकचे एप्रन. नंदू मागच्या रांगेत होता आणि दात दाखवून हसत होता.

तासाभरानं ती यादीतल्या सरिताकडे पोचली. सरिताचा नवरा दौऱ्यावर असतो आणि ती स्वतः व्हिसाच्या भानगडीत नोकरीविना घरी. तिचा त्या दिवशी गुडघा दुखत होता म्हणे. पण सुमेधाला पाणी द्यायला ती तुरुतुरु गेली आणि तिनं फ्रिज उघडला. दारावर तोच फोटो होता.

४

एकच फोटो दोन फ्रिजवर, हा योगायोग म्हणता आला असता. सुमेधानं सरिताच्या फ्रिजवरून मोबाइलवर त्याचा फोटो काढून घेतला आणि गाडीत बसून तो मोठा करून पाहिला. चेहरे टोप्यांमुळे सारखेच दिसत होते, पण अकरा वर्षं एकाच मंडळात काढल्यावर माणूस कपाळावरूनही ओळखू येतो. ती न आलेल्यांच्या यादीवर खुणा करत गेली. तेवीस घरांतलं कुणी ना कुणी त्या पायऱ्यांवर होतं.

चोविसावं घर त्यात नव्हतं. चारुता त्या फोटोत असणं शक्यच नव्हतं. तिला पोळी लाटता येत नाही आणि ती हे अभिमानानं सांगते.

मधोमध, सगळ्यांत पुढे, पद्माताई उभ्या होत्या, हृषिकेशच्या पद्माकाकू. गळ्यात दोरीला काहीतरी बांधलेलं होतं. सुमेधानं अजून मोठं करून पाहिलं. शिजलेल्या अन्नात खुपसून तापमान पाहायचा थर्मामीटर होता तो. असा थर्मामीटर तिनं तीस वर्षांत किती हॉटेलवाल्यांना विकत घ्यायला लावला होता, आणि किती जणांनी तो कपाटात टाकून दिला होता.

पद्माताई बहात्तरच्या. मुलाकडे येऊन चौदा वर्षं झालेली, इंग्रजी दुकानापुरतं. त्या गॅरेजमध्येच भेटल्या. समोर मंडळाचं पातेलं होतं, आत एक मूल आरामात आंघोळीला बसेल एवढं. घासून लखलखीत केलेलं, आणि आता त्या ते वर्तमानपत्रांत गुंडाळून सुतळीनं बांधत होत्या.

"बरी आलीस सुमेधा. हे टोक धर."

सुमेधानं टोक धरलं. "कुठे पाठवताय?"

"मंडळाला परत. यंदा लागायचं नाही ना." त्यांनी गाठ मारली, ओढून पाहिली. "शैलेंद्रलाही विचारलं. म्हणाला, मावशी, केटरिंगची आयडिया चांगलीच आहे, तीच ठेवू."

"शैलेंद्र तुमचा भाचा. तुम्ही त्याला मत नाही दिलंत?"

"वीणाला शब्द दिला होता. आणि शैलेंद्रला मी नाकात बोट घालताना पाहिलंय, मला नको त्याचं अध्यक्षपद सांगू."

"मग वीणाला का नाही दिलंत?"

पद्माताईंनी आणखी एक वर्तमानपत्र उलगडून पातेल्याच्या कडेवर बसवलं. त्यांचे हात काम करत होते आणि डोळे सुमेधाकडे येत नव्हते.

"चारुता आली होती त्या दिवशी?" सुमेधानं विचारलं.

"आली होती. सव्वा तास होती."

"कशाला?"

"ते तिला विचार. मी तिच्याकडून वचन घेतलंय." मग त्या थांबल्या आणि पहिल्यांदाच सरळ पाहून म्हणाल्या, "तुला एक विचारू? अकरा वर्षांत गणपतीच्या जेवणानं कुणाचं पोट बिघडलं?"

सुमेधानं आठवायचा प्रयत्न केला. दर वर्षी सहाशे पानं. "कुणाचंच नाही," ती म्हणाली.

५

रविवारी चार वाजता चारुता घरी सापडली. शाळेच्या मुलांच्या वह्या तपासत बसली होती. दार उघडल्याबरोबर म्हणाली, "ताई, मला काही विचारू नका. मी शब्द दिलाय."

"तू काही सांगूच नकोस. मी बोलते, चुकलं तर थांबव." सुमेधा कोट न काढताच बसली. घड्याळाकडे पाहायचं तिनं टाळलं. कालपासून तिनं फोटोतल्या घरांना एकेक फोन करून फक्त गणपतीच्या स्वयंपाकाबद्दल विचारलं होतं.

"त्या दिवशी तू सकाळपासून हॉलवर होतीस. आधी बाकीच्यांची मतं, मग माझं, असं म्हणून तू स्वतःचं मत मागे ठेवलंस. साडेदहाच्या सुमाराला यादी पाहिलीस आणि तुझ्या लक्षात आलं की आपले आले नाहीत ते सगळे एकाच गटातले आहेत. गणपतीच्या स्वयंपाकघरातले. तू स्वतः तिथे कधी पाऊल टाकलं नाहीस, पण शाळेच्या मुलांचे आईबाप कोण कुठे असतात हे तुला पाठ आहे. त्या गटाची मुख्य पद्माताई. तू गाडी काढून त्यांच्याकडे गेलीस. त्या आल्या असत्या तर बाकीचेही आले असते."

चारुतानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"पद्माताईंनी तुला जे सांगितलं तेही सांगते. मंडळातल्या कुणालाही राबावं लागणार नाही, ही घोषणा ऐकून सगळा हॉल टाळ्या वाजवत होता. जेवणारे वाजवत होते. करणाऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं. सरिताला इथे वर्षभर 'हाऊ आर यू'च्या पलीकडे कुणी बोलत नाही, पण गणपतीच्या आदल्या दिवशी तिच्या हाताखाली सहा माणसं असतात. नंदू ऑफिसात कायम तात्पुरता. तिथे तो भोपळ्याचा राजा. पद्माताईंना मुलाच्या घरी पाहुणी असल्यासारखं वाटतं आणि त्या स्वयंपाकघरात सगळे त्यांना घाबरतात. मंडळ त्यांच्यासाठी तेवढंच होतं, वर्षातून एक दिवस. वीणानं ते त्यांच्या भल्यासाठी काढून घेतलं."

चारुताचे डोळे भरून आले होते.

"आणि भल्यासाठी म्हणूनच त्यांना तिच्याविरुद्ध मत देववेना. आपल्यासाठी झटणाऱ्या पोरीला कसं पाडायचं? आणि मत द्यायचं म्हणजे स्वतःच्या हातानं स्वतःला बाहेर काढायचं. म्हणून बूट घालून तासभर बसले आणि बूट काढून ठेवले. पद्माताई तुला म्हणाल्या असतील, वीणाला सांगू नकोस, तिला लागेल. तू समजूत घालत राहिलीस, बारा वाजून गेले, आणि परत आलीस तेव्हा हॉलचं दार बंद होतं. तुझं मत तिथेच राहिलं."

"बारा दहा," चारुता हळूच म्हणाली. "दोन मिनिटं दार वाजवलं मी."

मग सुमेधानं विचारलं, "वीणाला नाही सांगितलंस, समजलं. मला का नाही सांगितलंस? मी तर बाहेरची."

चारुतानं वह्यांचा गठ्ठा सरळ केला. "तुम्ही बाहेरच्या नाही ना, ताई. चौथा मुद्दा तुमचा होता."

सुमेधाला ते कालपासून माहीत होतं. गॅरेजमध्ये सुतळीचं टोक हातात असतानाच तिला कळलं होतं. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर तिला बसल्या जागी लाज वाटली. मे महिन्यात वीणाच्या टेबलाशी बसून तीच ठासून म्हणाली होती, सहाशे माणसांचं जेवण, घरगुती हात आणि एक बेसिन, मी अशी स्वयंपाकघरं बंद केलीत. वीणानं विश्वासानं लिहून घेतलं. अकरा वर्षं सुमेधा पुढच्या खुर्चीवर बसून तो मसालेभात जेवली होती आणि एकदाही उठून आत डोकावली नव्हती. स्वयंपाक्याची कॉलर आधी धरायची नाही, हा तिचा नियम. तिनं तर चेहरा न बघताच धरली होती.

"किती वाजले?" तिनं विचारलं.

"सव्वापाच."

"चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता."

६

वीणानं दार उघडलं आणि सुमेधामागे चारुता दिसल्यावर तिचा चेहरा दगडासारखा झाला. पण सुमेधानं तिला बोलूच दिलं नाही. स्वयंपाकाच्या ओट्याशी उभं राहून तिनं आकडे सांगितले, बूट सांगितले, फोटो, पातेलं, बारा वाजून दहा मिनिटं. काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "हरण्याचं कारण कुणाच्या तरी नावावर लिहायचंच असेल तर माझं लिही. माहिती नसताना मी सल्ला दिला."

वीणा खुर्ची ओढून बसली. मग म्हणाली, "लिहून मी घेतलं, ताई. पद्माकाकूंकडे मी स्वतः गेले होते. त्या शिऱ्याची वाटी पुढे करून बस म्हणाल्या, आणि मी उभ्या उभ्या त्यांना सांगत होते की यंदा तुम्ही आराम करा. त्या नुसत्या हसल्या. मला वाटलं, खूश झाल्या."

तिनं लॅपटॉप ओढला. सहाला सोळा मिनिटं होती. मेल पुसायला तिनं बोट पुढे केलं, तेवढ्यात चारुता म्हणाली, "थांब. कसली मेल?"

वीणाचं बोट तिथेच थांबलं. सुमेधाला वाटलं, मध्ये पडावं. ती पडली नाही.

"माझ्याबद्दल आहे?"

"पुसतेय मी ती," वीणा म्हणाली.

"आधी वाचू दे."

वीणानं लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. चारुतानं उभ्यानं वाचलं, मराठी शाळेच्या ओळीपाशी थांबून ती पुन्हा एकदा वाचली. पोरांचे निबंध तपासताना पडते तशी तिच्या कपाळावर आठी पडली. मग तिनं स्वतःच मेल पुसली आणि झाकण लावलं.

"पाठवली नाहीस हे खरं," ती म्हणाली. "पण लिहिलीस ना."

"लिहिली," वीणा म्हणाली. "माझं चुकलं, चारू."

चारुतानं मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते सुमेधाला कळलं नाही. ती दारातून बाहेर पडली आणि रस्ता ओलांडून घरी गेली. वीणा काचेतून बघत राहिली. सहा वाजले तेव्हा ती अजून तिथेच उभी होती आणि तिच्या मेलबॉक्समधून काहीही गेलं नाही.

७

शैलेंद्रनं केटररला रद्द केलं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. एका बुधवारी वीणानं त्याच्या घरी जाऊन, खुर्चीत बसून, समोर आलेला चहा पूर्ण पिऊन त्याला ते पटवलं. पद्माताईंकडे तर ती त्याआधीच दोनदा जाऊन आली होती. पहिल्या वेळी त्यांनी तिला रडू दिलं आणि दुसऱ्या वेळी पातेल्याची सुतळी सोडायला लावली.

सप्टेंबरात, गणपतीच्या आदल्या दिवशी, सुमेधा दुपारी दोनला हॉलच्या मागच्या दारानं आत शिरली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. टोपी, एप्रन, सगळं नियमानुसार घालून. नंदू भोपळ्यांच्या ढिगामागून ओरडून कुणाला तरी सूचना देत होता. सरिता तांदूळ मोजत होती आणि तिच्याभोवती सहा जण माना हलवत होते. बेसिन खरंच एकच होतं, पण त्यावर मोठ्या अक्षरांत पाटी होती, वीस सेकंद, आणि खाली पाटीचं पालन न करणाऱ्यांची नावं खडूनं लिहिली होती.

कोपऱ्यातल्या टेबलाशी वीणा आणि चारुता समोरासमोर कोथिंबीर निवडत होत्या. बोलत नव्हत्या. जुलैनंतर दोघी एका टेबलाशी बसल्याचं सुमेधा पहिल्यांदाच पाहत होती. चारुतानं जुडी चुकीच्या बाजूनं धरली होती, अर्थातच. वीणानं हात पुढे करून ती उलटी करून दिली. चारुतानं हात मागे घेतला नाही.

सुमेधा भाताच्या पातेल्याकडे गेली. आपल्यालाही काही काम द्यावं, असं तिला म्हणायचं होतं. पद्माताई थर्मामीटर पुसत होत्या. त्यांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, टोपीतून सुटलेली एक बट आत खोचली, आणि विचारलं, "हात धुतलेस?"

"आत्ताच."

"मी बघितलं नाही."

हा प्रश्न सुमेधानं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. ती निमूटपणे बेसिनशी परत गेली, नळ सोडला आणि सगळ्यांच्या देखत, वीस सेकंद मोजत, पुन्हा हात धुतले.